धाकटीने सांगितलेली चव

थोरली परदेशात जायला तयार झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. खाणावळ सुरू केल्यापासून ती माहेरीसुद्धा धड मुक्कामाला राहिली नव्हती. सकाळी जायची आणि जेवणाच्या वेळेआधी परत यायची, कारण भाजीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला डबेवाल्या गिऱ्हाइकांना चालायचा नाही.

तिची जाऊ, म्हणजे धाकटी, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. कॉलेजात असल्यापासून तिला एका शहरातल्या इमारती स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या. तिच्या नवऱ्याला इमारत म्हटलं की लिफ्ट आहे का एवढंच सुचायचं. "आठवडाभर वर बघत हिंडायचं? माझी मान नाही बाबा तेवढी लांब," असं म्हणून त्याने अंग काढून घेतलं. मग धाकटीने आपलं विचारायचं म्हणून जावेला विचारलं, "वहिनी, तुम्ही येता का?"

थोरली ओटा पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "येते की."

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला होता. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण जाताना तो तिच्या नाकातलं सगळं घेऊन गेला. फोडणीचा वास येईना. कोथिंबीर हातात चुरगळली तरी काही नाही. जिभेवर खारट, आंबट, गोड, कडू तेवढं कळायचं, तिखट टोचायचं. त्यापलीकडे घास म्हणजे ओला पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. काहींचं येत नाही." त्या 'काहींचं'ला तिने तिथेच गिळून टाकलं आणि घरी येऊन "सगळं ठीक आहे म्हणाले" असं सांगितलं.

हिच्या हाताला चव आहे, हे ऐकतच ती मोठी झाली होती. लग्न ठरलं ते त्यावर, खाणावळ उभी राहिली तीही त्यावर. आता चवच कळत नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग ती डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करायला लागली. मोहरीचा आवाज, कांद्याचा रंग, कडेला सुटणारं तेल. चाखायची वेळ आली की पोळ्या करणाऱ्या बाईला म्हणायची, "आज माझा उपवास आहे, तूच बघ गं." असे उपवास इतके वाढले, की नवरा म्हणाला, "देव आता घाबरून दुसरीकडे राहायला जाईल."

निदान एक आठवडा कुणी 'चाखून बघा' म्हणणार नाही, एवढ्यासाठी ती विमानात बसली.

शहर खरोखरच कुणीतरी खेळता खेळता रचल्यासारखं होतं. एका घराला सरळ रेघ म्हणून नव्हती. भिंत वाऱ्यावर फुगलेल्या चादरीसारखी, सज्जे पापण्यांसारखे पुढे आलेले, आणि खिडक्या एकीसारखी दुसरी नाही. धाकटी रस्त्याच्या मधोमध उभी राहून फोटो काढत होती, आणि थोरली एका हाताने तिचा दंड धरून तिला सायकलींपासून वाचवत होती.

"इथे पडदे शिवायला शिंपी बोलावला, तर गाव सोडून पळून जाईल," थोरली म्हणाली.

धाकटी खदखदून हसली. मग आतला जिना दाखवायला घेऊन गेली. जिना संत्र्याच्या सालीसारखा वळत वळत वर जात होता. धाकटी वर बघत चढत होती. थोरलीचा हात मात्र कठड्यावर होता. कठडा लाकडाचा, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. जिथे दम लागतो, जिथे माणूस हात घट्ट आवळतो, नेमका तिथे तो जाड होऊन तळव्यात भरत होता. पुढे पुन्हा बारीक. थोरली एका वळणावर थांबली, खाली आली, पुन्हा चढली. ज्याने हा कठडा घडवला त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हता. तरी तिचा हात कुठे थकेल ते त्याने आधीच ताडलं होतं. आपणही तर कधी न पाहिलेल्या माणसांचे डबे भरत आलो, असं तिला वाटलं. आणि लगेच, हल्ली ते डबे कसे जात असतील हेही मनात आलं, तशी ती भराभर वर चढून गेली.

इमारतींपाशी तिला बरं वाटायचं. पंचाईत जेवणाची होती. वर्षभर पोळीवाल्या बाईला चुकवता आलं, पण धाकटीला चुकवणं अवघड. रोज दुपारी ती कुठल्यातरी खाणावळीत जावेला बसवायची आणि मोठ्या हौसेने म्हणायची, "आता ओळखा बरं, यात काय काय घातलंय!"

थोरली रंग बघायची, दाट-पातळ बघायची, शेजारच्या टेबलावरच्यांचे चेहरे बघायची आणि काहीतरी ठोकून द्यायची. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदाही. मग एका कमानीखालच्या छोट्या जागेत केशरी रंगाचं सूप आलं, आणि ती म्हणाली, "गाजर. आणि जराशी दालचिनी."

धाकटीला तिथली भाषा कामापुरती येत होती. तिने वाढणाऱ्या मुलीला विचारलं. मुलीने मान हलवली. गाजर बरोबर, दालचिनी अजिबात नाही. लिंबाची साल किसून घातली होती, भरपूर.

"लिंबाला दालचिनी म्हणालात वहिनी?" धाकटी म्हणाली. हसायचं की काय ते तिला कळेना.

"प्रवासाने जीभ थकते," थोरली म्हणाली आणि सगळा वाडगा संपवला, म्हणजे आणखी प्रश्न नकोत.

त्यांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत एका कोपऱ्यात ओटा होता, त्यावर विजेची शेगडी. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आंघोळीला गेली आणि थोरलीने चहा ठेवला. चहा उतरवून तिने फडकं बाजूला टाकलं आणि कप घेऊन खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीच्या छपरावर धुरांडी होती, एक मुळ्यासारखं, एक कांद्यासारखं, एक टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखं. यातला म्हातारा कुणाकडे बघतोय, हे ती शोधत होती.

"वहिनी! अहो, जळतंय काहीतरी!"

धाकटी ओल्या केसांनी धावत आली. फडकं शेगडीवरच पडलं होतं. ज्वाळा नव्हती, पण काळा डाग सरकत सरकत मध्यापर्यंत आला होता आणि खोलीत धूर भरायला लागला होता. तिने चिमट्याने फडकं उचलून मोरीत टाकलं, नळ सोडला, खिडकी सताड उघडली. खोकत खोकत वळली तर थोरली कप धरून तिथेच उभी होती.

"तुम्हाला वास आला नाही?"

"सर्दी झालीय गं."

"कुठली सर्दी? निघाल्यापासून बघतेय, तुम्ही एकदा शिंकलासुद्धा नाहीत." धाकटी बोलता बोलता थांबली. तिला बहुतेक सूप आठवलं. "वहिनी, तुम्हाला वासच येत नाही का?"

थोरलीने कप खाली ठेवला. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "वर्ष होत आलं," ती म्हणाली. मग ताप, डॉक्टर, उपवास, सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज कोरडा होता, जणू शेजारणीचं दुखणं सांगतेय. शेवटी म्हणाली, "घरी बोलू नकोस."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. केसांतून पाणी ठिबकत होतं ते तिने पुसलं नाही.

"घरी सगळ्यांना कळलंय की," ती हळूच म्हणाली.

"काय कळलंय?"

"हेच, की तुमचं जेवण बदललंय. कधी हिंग जास्त, कधी भाजी नुसतीच तिखट. आम्हाला वाटलं, तुमचं मन उडालंय. ह्यांना वाटलं, तुम्ही आमच्यावर चिडलात. मोठे भाऊजी म्हणाले, कुणी काही बोलायचं नाही, मुकाट जेवायचं. म्हणून जेवत होतो."

थोरलीची हे ऐकायची तयारी नव्हती. वर्षभर आपण एवढं झाकलं आणि ताटावर बसलेली सगळी माणसं तेच झाकत होती. तिला लाज वाटली, मग राग आला, आणि मग नवऱ्याचं ते मुकाट जेवणं डोळ्यांसमोर आलं. तो रोज दुसऱ्यांदा भाजी मागून घ्यायचा. वर्षभर घेत होता.

"फोन लाव," ती म्हणाली.

नवऱ्याने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हणजे ते उपवास?"

"सगळे खोटे."

"अगं, मग मी तुझ्यासाठी सोमवार धरला होता तो?" असं म्हणून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. "तिकडे नीट जेव," एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्या दुपारी धाकटीने एका जागी टेबल सांगून ठेवलं होतं. थोरली म्हणाली, "तू जा. माझ्यावर कशाला वाया घालवतेस? मी पाव खाईन."

"वहिनी, मला एकटीला जेवता येत नाही. आणि ती जागा बघायचीच आहे."

जागा बघण्यासारखीच होती. पूर्वी ते धान्याचं कोठार होतं, उंच गोल बुरूज एकमेकांना चिकटून उभे केलेले. कुणीतरी ते आतून कापून मोकळे केले होते, जसा कलिंगडाचा गर काढावा तसे. वरच्या भोकांतून उजेड उभा खाली येत होता, आणि मध्यभागी गोल स्वयंपाकघर होतं, चारी बाजूंनी उघडं. थोरली आत शिरली आणि वर बघत राहिली. मग तिला भांड्यांचे आवाज ऐकू आले. एवढ्या उंच जागेत प्रत्येक आवाज वर जाऊन सावकाश खाली येत होता. कुठे तेल तापलंय, कुठे सुरी चाललीय, सगळं वेगवेगळं.

पहिली ताटली आली. धाकटीने घास घेतला.

"कसं आहे?" थोरलीने विचारलं.

"छान आहे."

"छान म्हणजे काय? ऑफिसात भिंत काढतेस तेव्हा 'छान भिंत' असं लिहितेस का?"

धाकटी ओशाळली. तिने डोळे मिटून पुन्हा घास घेतला. "आधी आंबट लागतं, पण दारातच. आत गेल्यावर... भाजलेलं काहीतरी. आपण वांगं भाजतो ना, तसं, पण गोडसर. आणि गिळून झाल्यावर मागे एक हिरवा वास राहतो. ओल्या पानांचा."

"पुदिना?"

"नाही. पुदिना वर चढतो. हा खालीच बसून राहतो."

"मग ओव्याच्या पानासारखं काहीतरी," थोरली म्हणाली, आणि तिने स्वतः घास घेतला. वास आला नाही. येणार नव्हताच. पण वरचा पापुद्रा गरम होता, दाताखाली कडकन मोडला, आणि आतलं थंडगार, लोण्यासारखं मऊ. पुठ्ठा म्हणून ती वर्षभर जे नुसतं ढकलत आली होती, त्यात एवढं सगळं घडत असेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने मुद्दाम दुसरा घास सावकाश मोडला. मग तिसरा. मग धाकटीच्या ताटलीकडे बघितलं.

"तुला संपवायचं आहे का ते?"

धाकटीने ताटली पुढे सरकवली.

स्वयंपाकीण एकेका टेबलापाशी फिरत त्यांच्यापाशी आली. दणकट बाई, कोपरापर्यंत पीठ. तिने काहीतरी विचारलं. धाकटी म्हणाली, "आवडलं का म्हणतेय. मी सांगते काहीतरी."

"काहीतरी नको. खरं सांग. म्हणावं, मला वास येत नाही, चव कळत नाही. मीही स्वयंपाकच करते. पण हे मोडतं कसं ते कळलं."

धाकटीने अडखळत सांगितलं. स्वयंपाकीण थोरलीकडे बघत राहिली. हळहळली नाही, की धीराचे शब्दही बोलली नाही. आत गेली आणि एका वाडग्यात कसल्यातरी पातळ, कुरकुरीत चकत्या घेऊन आली, टेबलावर ठेवल्या, कानाकडे बोट दाखवलं आणि कामाला निघून गेली. त्या दोघींनी तो वाडगा रिकामा केला. नुसता कुडुमकुडुम आवाज वर जाऊन खाली येत होता.

उरलेले दिवस तसेच गेले. धाकटी सांगायची, थोरली विचारायची आणि भांडायचीही. इमारतींसमोर उलट चालायचं, थोरली म्हणायची, "ही इमारत मला आवडली नाही," आणि धाकटी म्हणायची, "का ते सांगा. नुसतं नाही आवडली चालणार नाही."

घरी परतल्यावर थोरलीने गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगून टाकलं. काहींनी डबे बंद केले. बाकीचे म्हणाले, बघू. वास काही परत आला नाही. डॉक्टर अजून 'हळूहळू'च म्हणतात.

परत आल्याच्या पहिल्याच सकाळी तिने पोळ्या करणाऱ्या बाईला शेगडीपाशी बोलावलं. उपवासाची सबब न सांगता सगळं सांगितलं आणि तिच्या हातात चमचा दिला. बाईने भीत भीत भाजी चाखली.

"बरी आहे," बाई म्हणाली.

"बरी म्हणजे?"

"म्हणजे... काहीतरी कमी आहे ताई."

इतक्या वर्षांत थोरलीच्या कढईला कुणी असं बोललं नव्हतं. चमचा हिसकावून घ्यावा असं क्षणभर वाटलं. तिने पदराला हात पुसले.

"काय कमी आहे?"

"ते नाही सांगता येत मला."

"येईल," थोरली म्हणाली. "परत चाख. घाई नको. आधी काय लागतंय, ते सांग."

बाईने डोळे मिटले. गॅस बारीक करून थोरली तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.