पाय कुणाकडे करायचे?

सकाळचे सात. टाकवे बुद्रुकच्या नव्या घरात सारिका ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती आणि तिचे सासरे रखमाजी सोफ्यावर बसून टीव्हीवर परदेशातली लढाई बघत होते. दोघांमध्ये पंधरा फूट अंतर होतं. भिंत नव्हती.

भिंत नसण्याचं कारण कैलास, सारिकाचा नवरा. लोणावळ्याच्या एका बंगल्यात वायरिंगच्या कामाला गेला असताना त्याने ओपन किचन पाहिलं आणि घरी येऊन आराखड्यातली भिंतच रद्द केली. बंगल्यात ती सोय गप्पांसाठी होती. टाकव्यात तिचा परिणाम असा झाला, की सून दिवसभर सासऱ्यांच्या नजरेसमोर आली. आणि या घरात सून वडीलधाऱ्यांसमोर बसत नाही.

जुन्या घरात चूल होती. चुलीपुढे बसावंच लागतं, त्यामुळे पूर्वजांकडून नकळत तेवढी सवलत राहून गेली होती. ग्रॅनाइटच्या ओट्याने ती काढून घेतली. रखमाजींचे गुडघे दुखत, म्हणून ते सोफ्यावरून हलत नसत. त्यांनी सुनेला ‘बसू नको’ असं कधी म्हटलं नाही. ‘बस’ असंही म्हटलं नाही. घरात चौदा माणसं बसतील एवढं फर्निचर होतं आणि सारिका सहा वर्षं न्हाणीघरामागे पालथ्या बादलीवर बसून जेवत होती.

गेल्या दोन वर्षांत तिच्या डाव्या पोटरीवर जांभळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. संध्याकाळी पाय शिशासारखा जड व्हायचा, घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायची. “बायकांचं पाय असंच असत्यात,” सासूबाई लीलाबाई म्हणाल्या. शेजारणीने नस चढली म्हणून तेल दिलं. नस उतरली नाही. शेवटी कैलास तिला तळेगावला डॉक्टर माधवींकडे घेऊन गेला.

“पायातलं रक्त वर हृदयाकडे जायला हवं,” डॉक्टरांनी समजावलं. “ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. तुमच्या ढिल्या झाल्यात, म्हणून रक्त खालीच साचतं. एका जागी उभं राहून ते आणखी वाढतं. सोनोग्राफी करू आणि लेझरने ती शीर बंद करू, त्याच दिवशी घरी जाता येईल. तोवर मी देते ते घट्ट मोजे घाला, चालत राहा आणि दिवसातून तीनदा आडव्या पडून पाय छातीपेक्षा वर ठेवा. शीर फुटून रक्त आलं तर मात्र लगेच आडवं व्हायचं, पाय उंच धरायचा, फडका दाबून ठेवायचा आणि इकडे यायचं.”

“पाय कुनाकडं करू?” सारिकाने विचारलं.

“वर करा.”

“वर व्हय. पन कुनाकडं?”

हा भाग डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

घरी बैठक बसली. सारिका उभी होती. पूर्वेला देवघर. उत्तरेला पणजोबांचा फोटो. दक्षिणेकडे पाय मेलेल्या माणसाचे करतात. पश्चिमेला रखमाजी. कैलासने ईशान्य सुचवली.

“तितं सिलिंडर हाय,” लीलाबाई म्हणाल्या.

“मग आतल्या खोलीत?”

“दिवसाढवळ्या दार लावून सून पडलेली? येनारं-जानारं काय म्हनतील?”

अमावास्या झाली की पणजोबांचा फोटो हलवायचा आणि लेझरचं दिवाळीनंतर बघायचं, असं ठरलं. सारिकाने चहाचे कप गोळा केले.

अकराव्या दिवशी ओट्याखालच्या ट्रॉलीचा पत्रा तिच्या पोटरीला लागला. दुखलं काहीच नाही. नुसती धार लागली आणि बघता बघता फरशी लाल झाली.

सारिका तशीच चार पावलं चालत हॉलमध्ये आली, जमिनीवर आडवी झाली आणि जवळात जवळ जी उंच जागा होती तिच्यावर तिने पाय ठेवले. ती जागा म्हणजे सोफ्याचा हात. तळवे रखमाजींच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर.

लीलाबाई परसातून धावत आल्या. “पाय खाली घे आधी. आबा बसल्यात.”

“न्हाई घेनार, आत्या.”

“सारिके.”

“खाली घेतला तर रक्त थांबायचं न्हाई.”

रखमाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांना तेवढंच सुचलं. “अगं, पन मी हाय हितं.”

“दिसताय तुमी, आबा,” सारिका म्हणाली. “सा वर्सं दिसताय.”

 लीलाबाई खाली टेकल्या, पदराचा बोळा केला आणि जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला. नवऱ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “तुमी उठा.”

“आं?”

“उठा म्हन्ते. पोरीनं कुटं पाय करायचं ते समद्यांनी बघितलं. तुमी कुटं बसायचं ते कुनीच न्हाई बघितलं.”

देव, फोटो, सिलिंडर, सगळ्यांच्या जागेचा विचार या घरात झाला होता. रखमाजी उठले. गुडघे दुखले, पण उठता आलं.

रक्त थांबल्यावर सारिकाला तळेगावला नेलं आणि पुढच्या आठवड्यात लेझर झालं. सारिका संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आली.

नंतरच्या तपासणीला लीलाबाई सोबत आल्या, रखमाजीही आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. डॉक्टरांचं लक्ष लीलाबाईंच्या घोट्यावर बांधलेल्या चिंधीकडे गेलं.

“मावशी, ते काय?”

“काय न्हाई. जुनं हाय.”

चिंधी सोडली. खाली तळहाताएवढी जखम होती, भोवतीची कातडी कोळशासारखी.

“कधीपासून?”

“जखम सात-आठ वर्साची. शिरा कैलास पोटात व्हता तवापास्नं.” कैलास चौतीस वर्षांचा होता.

“कधी बोलला न्हाईत, आत्या,” सारिका म्हणाली.

“कुनी इचारलं?”

डॉक्टरांनी त्यांना उभं राहायला सांगितलं. फुगलेल्या शिरा उभ्यानेच नीट दिसतात. लीलाबाई उत्तम उभ्या राहिल्या. डॉक्टर जमिनीवर उकिडव्या बसून पाय चाचपत राहिल्या. “बरं होईल हे. वेळ लागेल, पण होईल. बसा आता.”

लीलाबाईंनी दाराकडे पाहिलं. पडदा अर्धा सरकलेला होता. “ते बघत्याल.”

सारिका पडदा लावायला उठली. दाराशी पोचल्यावर तिने तो पुरता उघडला. मग परत येऊन रखमाजींच्या अगदी समोर येणाऱ्या खुर्चीवर बसली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

“बसा, आत्या.”

लीलाबाई बसल्या. अर्ध्याच खुर्चीवर, उठायच्या तयारीत. उरलेल्या अर्ध्या खुर्चीला किती वर्षं लागतील, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही.