पुजाऱ्याचा घोट

चैत्रातली प्रभात. डोंगराआडून केशरी उजेड ओघळला आणि निष्पर्ण मोहवृक्षाच्या फांदीफांदीवर फुलांचे घोस उजळले. मधुगर्भ, मंदपीत, मांसल फुले! रानभर असा काही गोड घमघमाट, की बाई गं, अस्वलेसुद्धा येडी व्हावीत.

हेच ते फूल. उपाशी रानाचे अन्न हेच, आणि आंबवून गाळले की रानाचे विषही हेच. या गावात घरोघरी दारूची हंडी, आणि दारोदारी पांढरे कपाळ. लालसूचा थोरला भाऊ पोट फुगून गेला. लालसूही त्याच वाटेने निघाला होता; रस्त्यात पडायचा, आणि त्याची बायको रैनी त्याला ओढत घरी आणायची. यंदा हिवाळाभर तो तालुक्याच्या गावी, व्यसन सोडवणाऱ्यांकडे राहिला आणि कोरडा होऊन परतला.

पण लालसू गावाचा पुजारी! फुले वेचण्याआधी वृक्षाला दारूची धार वाहायची आणि द्रोणातला शेवटचा घोट पुजाऱ्याने प्यायचा, ही या गावाची वाडवडिलांची रीत. त्याशिवाय फुलाला कोणी बोट लावत नाही. द्रोण भरून द्यायचा तो पुजाऱ्याच्या बायकोने.

एक घोट. पण त्या एका घोटात तिचा आख्खा माणूस पुन्हा वाहून जाणार होता. देवाचा कोप परवडला, तो घोट नको! रैनीने गुपचूप द्रोणात पाणी भरले आणि वासासाठी चार फुले कुस्करली.

लालसूने द्रोण हाती घेतला, आणि थबकला. पिणाऱ्याचे नाक ते, त्याला कोण फसवणार?

"देवाले फसवू नोको, रैनी," तो हळूच म्हणाला. "खरी दारू आन."

ती जागची हलेना. तेव्हा गावातल्या सर्वांत वृद्ध कोमटी आजाने आपला दारूचा तुंबा, वाळक्या भोपळ्याचा, पुढे केला. पाणी सांडून टाकले गेले, दारू द्रोणात उतरली. नितळ, निर्मळ दिसणारी, निष्ठुर. लालसूची नजर त्या दारूवर खिळली. संपले, रैनीला वाटले. सगळे संपले.

धार मुळाशी पडू लागली. पडत राहिली. जिथे थांबायची तिथेही थांबली नाही. द्रोण उपडा झाला, झटकला गेला, आणि तहानलेल्या मातीने थेंब न् थेंब पिऊन टाकला.

"अरे, पुजाऱ्याचा घोट?" आजा ओरडला.

"माह्या वाटनीचा मी कधीचाच पेऊन बसलो, आजा," लालसू म्हणाला. "भावाच्या वाटनीचाबी पेलो. आता राह्यली ते झाडाची."

कोमटी आजा कितीतरी वेळ त्या ओल्या मातीकडे पाहत राहिला. त्या मातीत दारूने गेलेले त्याचेही दोन लेक होते. मग म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत वाकला, त्याने एक फूल उचलून कपाळाला लावले, आणि टोपलीत टाकले.

मग बायका वाकल्या, पोरी वाकल्या, सारा गाव फुलांवर वाकला. रैनीला मात्र वाकताच येईना. ती बघतच राहिली, देवळात बघावे तशी. त्या वाकलेल्या गावाच्या मधोमध, घामाने निथळत, पानासारखा थरथरत, तिचा माणूस उभा होता. आपल्या पायांवर, उजेडात, उभा.