पाझराचा रंग

मी मातीचा बंधारा बोलतोय. मोठ्या धरणांचा थाट माझ्याकडे नाही. उंची जेमतेम तीन माणसांची, अंगावर गवत आणि पायथ्याशी एक गल्ली. तिथे शिंप्याचं दुकान, पीठगिरणी, बालवाडी. पाऊस कोसळला की ओढ्याचं पाणी पोटात धरायचं आणि खालच्या पाइपातून हळूहळू सोडायचं, एवढंच माझं काम.

मला उभं केलं मुकादमांनी. मातीचा एकेक थर भिजवून, रोलरने दाबून. थरावर ते स्वतः टाच मारून बघायचे. टाच रुतली की ओरडायचे, "फिरव पुन्हा!" निवृत्त झाले तरी रोज सकाळी मला भेटायला येत.

एका पावसाळ्यात माझ्या पायथ्याशी पाझर फुटला. मुकादमांना तो आपल्या अब्रूवरचा डागच वाटला. त्यांनी सिमेंट कालवून तो लिंपला. पुढच्या वर्षी हातभर अंतरावर फुटला, तोही लिंपला. लोक म्हणाले, "काय हात आहे मुकादमांचा!" आत कोंडलेलं पाणी मला पोखरतंय, हे कुणाला दिसणार?

दिसलं ते त्यांच्या धाकट्या लेकीला. नुकतीच इंजिनिअर झालेली, जिभेला धार.

"बाबा, हे थापणं बंद करा. पाण्याला वाट हवी."

"तू जन्मायच्या आधी बांधलाय मी हा. मला शिकवतेस?"

"तेव्हा शिकवायला मी नव्हते, हीच तर पंचाईत झाली!"

मुकादम घमेलं उचलून तरातरा निघून गेले.

मग झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी सिमेंटची खपली उडाली आणि बोटभर धार सुटली. मुकादम घमेलं घेऊन धावले. लेकीने धारेखाली काचेचा ग्लास धरला आणि त्यांच्या नाकासमोर नेला. पाणी चहासारखं गढूळ.

"ही माती कुठली, सांगा."

त्यांनी बोट बुडवलं, चोळलं आणि ओळखलं. ती मीच होतो. घमेलं त्यांनी खाली ठेवलं.

"बोल पोरी, काय करू?"

"आधी गल्ली रिकामी करा. मग वाळू आणि खडी आणा. पाणी अडवायचं नाही, माती अडवायची."

बालवाडीतली पोरं टेकडीवर पोचली. शिंपी मशीन खांद्यावर घेऊन निघाला. मग माझ्या पायथ्याशी वाळू पडली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी. घमेली देणाऱ्यांच्या रांगेत मुकादम सर्वांत पुढे होते, लेक सांगेल तसं ओतत. दिवस मावळता मावळता धार निवळली.

पाझर आजही आहे. त्याची लाज मला वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. माझं तोंड लिंपण्याआधी पाण्याचा रंग तेवढा बघा.

लेक आता दूरच्या कामावर असते. मुकादम रोज ग्लास भरून उजेडात धरतात आणि तिला फोन लावतात.

"आज स्वच्छ आहे गं."

"ग्लास धुतला होता का?"

मुकादम ग्लासाकडे बघतात, तो विसळतात आणि पुन्हा माझ्यापाशी वाकतात.