ब्रेकच्या ड्रमला लागलेलं गोडेतेल

मित्रांनो, मोटारीच्या चाकाआड, जिथे सहसा कोणी डोकावत नाही, तिथे माझं आयुष्य गेलं. मी बिडाचा एक जुना ब्रेकड्रम आहे, पसरट पातेल्यासारखा. माझ्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या असतात. चालकाने ब्रेक दाबला की त्या फाकतात, माझ्या आतल्या भिंतीला घासतात आणि मी थांबतो. माझ्याबरोबर चाक थांबतं. गाडीचा वेग तेव्हा कुठे जात नाही, तो उष्णता होऊन माझ्या अंगात उतरतो. पण हे सगळं मी कोरडा असेन तरच.

ओतशाळेतल्या वाळूच्या साच्यात मी जन्मलो आणि एका काळ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकात बसलो. पहिले मालक वकील होते. गाडी रोज पुसली जाई, चाकाआड मात्र सोळा वर्षांत कोणी पाहिलं नाही. पट्ट्यांवरचं पकड देणारं अस्तर झिजलं, ते धरून ठेवणारी रिबिटं उघडी पडली, माझ्या अंगावर चरे उमटले. मी किंचाळू लागलो तेव्हा त्यांनी गाडीच विकून टाकली.

ती आली नगरजवळच्या सावेडीला, मच्छिंद्ररावांकडे. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. एकाहत्तर सालच्या नवरात्रात त्यांनी घरीच ब्रेकचं काम काढलं. मागच्या चाकांना दगड लावून त्यांनी गाडी जॅकवर उचलली आणि खाली लाकडी ओंडके सरकवले. मला लेथवर आतून कातून आणलं. पट्ट्यांवर नवं अस्तर तांब्याच्या रिबिटांनी स्वतः बसवलं. माझी जाडी मोजून ते म्हणाले, "शाबास! अजून तीन-चार वर्षं काढशील." इतकं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

घाई होती. दसऱ्याला शेवगावला, गावाकडे जायचं होतं. गाडीत पत्नी पुष्पावती, आई कडूबाई आणि दोन लहान मुली असणार होत्या. वाटेत करंजीचा घाट उतरायचा होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. उजवं चाक झालं होतं. मला आणि माझ्या पट्ट्यांना अंगणात गोणपाटावर ठेवून मच्छिंद्रराव जेवायला गेले. तेवढ्यात कडूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड यांना जन्मभर तेल लावलेले ते हात.

"नवं लोखंड आन् असं कोरडं ठाक! ह्याच्यावर कुनाची माया हाय का न्हाई?"

त्यांनी मला आतून-बाहेरून गोडेतेल चोळलं. पट्ट्यांनाही चोळलं. मग वर हळदकुंकू लावलं. सोळा वर्षांत कोणी असा हात फिरवला नव्हता. क्षणभर मी सुखावलो. पण इकडे नवं अस्तर तेल शोषून घेत होतं.

मच्छिंद्रराव आले. कुंकू पाहून हसले. "आईने ड्रमलाही सोडलं नाही!" आतली चकाकी त्यांना लेथची वाटली, पट्ट्यांवरचं तेल तर अस्तरात मुरूनच गेलं होतं. मला चाकावर चढवलं गेलं. संध्याकाळी मैदानात ब्रेक दाबून पाहिला, तर गाडी जराशी उजवीकडे ओढली गेली.

"अस्तर नवं आहे, बसायला वेळ लागतो," ते म्हणाले. नियम खरा होता. कारण मात्र ते नव्हतं. ते सांगायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. चांदबिबीच्या महालाचा डोंगर मागे पडला. घाट जवळ येऊ लागला तशी माझी धास्ती वाढली. एकाएकी रस्त्यात मेंढरं आडवी आली. ब्रेक दाबला गेला. उजव्या ड्रमने चाक धरलं, माझ्या पट्ट्या नुसत्या निसटत राहिल्या. गाडी गर्रकन उजवीकडे वळून रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. धाकटी मुलगी पुढच्या सीटवर आपटून रडू लागली.

"अहो, पुढे घाट आहे," पुष्पावती हळूच म्हणाल्या.

"डावं चाक धरतच नाहीये," मच्छिंद्रराव म्हणाले.

मागून कडूबाई म्हणाल्या, "न धरायला काय झालं? म्या सोता आतून-भायेरून तेल चोळलंय!"

मच्छिंद्ररावांनी इंजिन बंद केलं. "आई, त्या पट्ट्यांनासुद्धा?"

"व्हय तर. लई तहानलेल्या हुत्या."

घाटाचं पहिलं वळण समोर दिसत होतं. मच्छिंद्रराव ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "आई, विहिरीतून भरली बादली ओढताना हात तेलकट असले तर?"

"दोर सुटंल की हातातनं."

"हा ड्रम आणि त्या पट्ट्या म्हणजे दोर धरणारा हात आहे."

कडूबाईंनी रडणाऱ्या नातीला जवळ ओढलं. 

"कॉलिजात समद्या जगाच्या पोरांना शिकवतो म्हनं. मला कदी सांगितलंस रं मच्छू?"

"नाही सांगितलं. चुकलं माझं."

"मंग घे गाडी माघारी. सोनं सावेडीत बी वाटता येतंय."

बैलगाडीच्या चालीने आम्ही परतलो. मला पेट्रोलने धुतलं, पट्ट्यांवर पुन्हा नवं अस्तर चढलं. पुढे तीन वर्षं मी तो घाट कितीदा उतरलो. मग अंग पातळ झालं आणि मी पडवीच्या कोपऱ्यात आलो.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया कराल तेव्हा ती काय काम करते, एवढं आधी विचारून घ्या. आणि ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी घरातल्या माणसांच्या विचारण्याची वाट न पाहता सांगावं.

आताही खंडेनवमीला कडूबाई ताट घेऊन येतात. आधी गाडीपाशी थांबून हाक मारतात, "मच्छू, हितं लावलं तर चालंल का?" त्यांनी हो म्हटलं की इंजिनाच्या टोपणावर कुंकवाचं एक बोट टेकवतात. मग माझ्याकडे येतात आणि तेलाची वाटी माझ्या पोटात उपडी करतात.

"तू पी आता पोटभर. तुला कुटं घाट उतरायचाय!"