भाषणाआधी सुई

मी एक जुनी झडप आहे आणि मला काढून टाकण्यात आलं आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू या. काहीही झालेलं नाही. सामोआतल्या एका लहान बेटावर, लाफाएले नावाच्या माणसाच्या हृदयात, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मध्ये मी मजेत आहे.

माझं काम सांगते. अंगभर फिरून दमलेलं रक्त हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येतं. तिथून उजव्या खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसांत. तिथं ताजी हवा घेऊन, लालबुंद होऊन ते डाव्या वरच्या कप्प्यात उतरतं. मग मी. मी दोन पाकळ्या उघडते, रक्त खाली सोडते, आणि खालचा कप्पा आवळला गेला की घट्ट मिटते. मग रक्ताला महाधमनीतून अंगभर जाण्यावाचून इलाज नसतो. गेलेल्याला परत फिरू द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी. रविवारी आमच्या बेटावर पानसुद्धा हलत नाही. मला तीही सुटी नव्हती.

पहिला दगा लहानपणीच झाला. लाफाएलेचा घसा सुजला. जंतूंना मारायला अंगातली फौज निघाली आणि माझा चेहरा त्या जंतूंसारखा दिसतो म्हणून मलाच बडवून गेली. घसा बरा झाला. माझ्या पाकळ्या जाड आणि वाकड्या झाल्या. कुणी माफी मागितली नाही. फौज तर अजून स्वतःला विजयी समजते.

घसा पुन्हा सुजला तर मला पुन्हा मार बसणार, म्हणून दर महिन्याला सुई ठरली. नर्सबाई सीनीवा ती घेऊन होडीतून येई. ओहोटी लागण्याआधी तिला परत निघावं लागे, नाहीतर होडी प्रवाळावर बसायची.

आता अडचण अशी, की मोठा होऊन लाफाएले गावाचा वक्ता झाला. हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी, ही वक्त्याची निशाणी. बेटावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत करणं हे त्याचं काम. आणि सीनीवा पाहुणी होती.

"लाफाएले, आधी सुई, मग भाषण," ती म्हणायची.

"म्हणजे उद्या गावानं म्हणावं, पाहुणी आली आणि वक्ता सुई टोचून घ्यायला पालथा पडला?" असं म्हणून तो सुरू व्हायचा. आधी आकाश, मग समुद्र, मग सीनीवाच्या गावाचे पूर्वज, नावानिशी.

"सुईला घाबरतो हो हा," त्याची बायको फुआतिनो अळकुड्या वाढता वाढता सांगायची. "सुई मोठी असली की पूर्वजही वाढतात."

सीनीवाचा दोष एवढाच, की ती चांगल्या घरची होती. स्वागताला उत्तर न देणं तिला जमेना. तिचंही भाषण व्हायचं. मग जेवण, जेवणाचे आभार, आभारांचे आभार. तेवढ्यात होडीवाला ओरडायचा, "बाई, पाणी उतरलं." सुई जशी आली तशी परत जायची.

मित्रांनो, खरं दुःख पुढे आहे. प्रत्येक भाषणात लाफाएले छातीवर हात ठेवून म्हणायचा, "अंतःकरणाच्या तळापासून स्वागत करतो." तो हात नेमका माझ्यावर असायचा. माझ्या नावावर टाळ्या घ्यायच्या आणि माझंच औषध होडीत बसवून पाठवायचं. घसा पुन्हा सुजला. फौज पुन्हा आली. माझ्या पाकळ्या मिटेनाशा झाल्या. खाली सोडलेलं रक्त वर उसळून फुप्फुसांकडे तुंबू लागलं आणि लाफाएलेला धाप लागू लागली.

नव्या चर्चच्या उद्घाटनाला तो बोलायला उभा राहिला. दोन शब्द बोलून थांबायचा, मग दोन शब्द. लोक खूश.

"काय थांबतो बघ," एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. "याचा बापही असा थांबत नव्हता."

"थांबत नाहीये, काका, दमतोय," फुआतिनो म्हणाली आणि सगळ्यांसमोर उठून तिनं नवऱ्याच्या हातातली काठी काढून घेतली. त्याला बोलायचं होतं, पण श्वास नव्हता. त्याच दिवशी होडी, इस्पितळ, आणि पुढचं ते, जे तुम्ही वाचलेलं नाही.

माझ्या जागी धातूची झडप बसली. ती टिकटिक करते. मी इस्पितळाच्या फडताळात बरणीत असते. सीनीवा औषधं न्यायला येते, तिच्याकडून खबर कळते. लाफाएले बरा आहे. चालतो, हसतो, समुद्रात उतरतो. सर्जनबाईंचे, होडीवाल्याचे, धातूच्या झडपेचेही आभार मानतो, अंतःकरणाच्या तळापासून. माझं नाव घेत नाही. घसा मात्र तोच आहे, शेजारच्या झडपा जुन्याच आहेत, म्हणून सुई चालूच आहे. आणि आता आभार मानायला माणसं वाढल्यामुळे भाषणही लांबलं आहे. परवा सुई पुन्हा परत आली.

म्हणून मित्रांनो, ज्याच्या जिवावर बोलता त्याला आधी जपा. टाळ्या नंतरही मिळतात. शेजारणींसाठी मी गावाच्या मुखियांकडे अर्ज धाडत आहे:

"सविनय विनंती की, यापुढे नर्सबाई सीनीवा यांना पाहुणी समजण्यात येऊ नये. त्यांचे स्वागत, सत्कार व आभार तत्काळ बंद करण्यात यावेत. तसेच सदर अर्ज मंजूर करताना कोणीही भाषण करू नये."