टिल्लूच्या तोंडाशी आलेली गोचीड

मित्रांनो, नाव ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल, तरी सांगते. मी एक जुनी गोचीड आहे. सध्या काचेच्या बाटलीत बसले आहे आणि मला फार भीती वाटते आहे. स्वतःसाठी नव्हे, टिल्लूसाठी.

माझं बालपण लाकडाच्या वखारीत गेलं. तिथल्या काळ्या कुत्रीच्या कानात मी आणि माझी बहीण शेजारी शेजारी चिकटलो होतो. तिचं अंग सारखं तापलेलं असे, हिरड्या पांढऱ्याफटक. आम्हाला काय त्याचं! आम्ही रक्त पिऊन टम्म फुगलो, गळून पडलो आणि उंबऱ्याच्या फटीत कात टाकायला बसलो.

तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. कुत्रीच्या रक्तातले बारीक जंतू माझ्यासोबत आले होते. मी मोठी होत होते, तसे तेही वाढत होते. माझ्या अंगात त्यांचे गोल गोल कोश झाले आणि एकेका कोशात शेकडो नवे जीव दाटीवाटीने बसले. कशाची वाट बघत होते, कोण जाणे.

काळी कुत्री झिजून झिजून गेली. मागे राहिलं तिचं पिल्लू, टिल्लू. भूक लागल्यावर आम्ही त्याच्याच अंगावर चढलो.

वखारीचे चौकीदारकाका दुपारी जेवण झालं की टिल्लूला मांडीवर घेत, गोचिडी उपटत आणि हवेत उडवत. "घे रे वाघा! तुझं रक्त पिते काय? खाऊन टाक!" टिल्लू वरच्यावर झेलून चावून टाकी. हमाल पोट धरून हसत. परवा माझ्या बहिणीची पाळी आली. काल माझी.

मी काकांच्या चिमटीत लटकत होते. खाली टिल्लूचं गुलाबी तोंड उघडं होतं. तेवढ्यात कुत्र्यांना लस टोचायला आलेल्या डॉक्टरबाई ओरडल्या, "अहो काका, थांबा! खायला घालताय की काय?"

"मग काय झालं, बाई? चावणारीच मेली की काम झालं."

"एक आजार गोचीड चावल्याने नाही, ती खाल्ल्याने होतो. हिच्या अंगात जंतू तयार असले, तर ते थेट याच्या पोटात जातील. याची आई कशाने गेली?"

काकांनी मला टिल्लूच्या तोंडापासून लांब धरलं. "ताप होता तिला. मी आपला हौसेने भरवत होतो हो याला..."

बाईंनी मला तपासण्यासाठी बाटलीत टाकलं आणि टिल्लूचं रक्त घेतलं. "आज काही दिसलं नाही, तरी महिन्याभराने पुन्हा बघावं लागेल," त्या म्हणाल्या. काका तेव्हापासून नीट जेवलेले नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. आम्हाला काढाल तेव्हा जमिनीवर टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा. आणि कुत्र्याचं तोंड तेवढं लांब ठेवा.

बाई उद्या न्यायला येईपर्यंत माझी बाटली वखारीतच आहे. तिच्या झाकणाला सुईने भोकं पाडली आहेत. त्यातून टिल्लूचा गरम श्वास आत येतो. तो मघापासून बाटली हुंगतो आहे, शेपूट हलवतो आहे. कालचा खेळ अर्धाच राहिला, असं त्याला वाटतं.