यानिनाची गुणी कुत्री

माझी भाची यानिना खोटं बोलत नाही. ती अर्धंच बोलते, आणि उरलेलं अर्धं दुसऱ्यानं निस्तरायचं असतं.

पर्यटनाच्या आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीत, अर्धं मोंतेविदेओ शहर समुद्राकडे पळतं. तीही नवऱ्याला, आल्बारोला, घेऊन रोचाच्या किनाऱ्यावर निघाली. जाताना दोन्ही कुत्री माझ्या गळ्यात घातली. मिलोंगा म्हणजे लांब तंगड्यांची तपकिरी कुत्री आणि काचो म्हणजे पिंपासारखा पांढरा कुत्रा. त्यांना जागा बदललेली चालत नाही म्हणून राहायला मीच तिच्या फ्लॅटवर जायचं होतं. म्हणाली, मावशी, गुणी आहेत गं दोघं. रात्री जेवली की आडवी होतात, सकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही.

माझं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर हातात कात्री धरून उभं राहणाऱ्या बाईला रात्रीची झोप लागतेच. मी विश्वास ठेवला.

पहिल्या रात्री दिवा मालवला आणि दार ओरबाडायला सुरुवात झाली. मग रडणं. काचो असा आवाज काढायचा की चुलीवर किटली शिट्टी मारतेय असं वाटावं. उठून दार उघडलं, तर मिलोंगा थेट उशीवर आणि काचो माझ्या पायांवर. मी कुशीवर वळले की तीही वळत. न्हाणीघरात गेले, तर मी आत मेलेच अशा थाटात दोघं बाहेर बसून गळा काढू लागली. कुणी लिफ्ट वापरली तरी भुंकणं. सकाळी एका गिऱ्हाइकाची कपाळावरच्या केसांची झालर वाकडी कापली मी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आरशात बघून त्या बाईनं डोक्याला रुमाल बांधला, ते मला जास्त लागलं.

दुसरी रात्र तशीच गेली. तिसऱ्या रात्री घंटी वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा एल्बियो उभा होता, पायजम्यावर कोट चढवून. बस चालवतो तो.

"बाई, पहाटेची पहिली बस मी काढतो," तो म्हणाला. "स्टिअरिंगवर माझा डोळा लागला तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

"मग काय त्यांना अंगाई म्हणू?" मी म्हटलं. "तीही म्हणून झाली."

तो जरा वरमला. काचो तोवर त्याच्या चपला हुंगत होता. मग एल्बियो जे बोलला त्यानं माझी झोपच उडाली. म्हणाला, यानिना असते तेव्हा वर कुत्री आहेत की नाहीत हेसुद्धा कळत नाही. यांचा आवाज त्यानं या तीन रात्रींतच पहिल्यांदा ऐकला होता.

सकाळी फोन लावला. मागे लाटांचा आवाज, आल्बारोचं हसणं. मी सगळं सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, थेंब देतेस ना?"

कसले थेंब, मी विचारलं. फ्रिजवरच्या कपाटात बाटली आहे, मांसात कालवून द्यायचे, सांगायचं राहून गेलं असेल बघ. वर्षअखेरीला फटाक्यांनी कुत्री घाबरतात म्हणून डॉक्टरनं दिले होते.

"यानिना, वर्षअखेर होऊन किती महिने झाले?"

"हो, पण... बरं पडलं ते," ती म्हणाली. "आम्ही दमून येतो गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी दोघं नवरा-बायको कामावर जातात ते संध्याकाळी उगवतात. तोवर जनावरं फ्लॅटमध्ये कोंडलेली. आणि माणसं घरी आली, आता जरा अंगाशी घासायला मिळेल, तर वाडग्यात झोपेचं औषध. मग ती जगतात कधी? हेच मी तिला विचारलं. ती म्हणाली, तू उगाच मनाला लावून घेतेस. मी फोन ठेवला. तीन रात्री ज्यांना शिव्या घातल्या ती दोघं माझ्या पावलांवर हनुवट्या टेकून बसली होती.

कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरणीकडे त्यांना घेऊन गेले. तिनं बाटली वाचली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, हे रोज द्यायचं औषध नव्हे. सुटलंच आहे तर परत सुरू करू नका. आणखी काही दिवस बेचैन राहतील. भरपूर चालवा आणि रात्री एकटं टाकू नका.

म्हणजे झोप माझीच जायची होती. दुकान बंद केलं की मी त्यांना किनाऱ्यावरच्या रस्त्यानं दमेपर्यंत चालवू लागले. एल्बियोला खरं काय ते सांगितलं, तर तो यानिनाबद्दल असं काही बोलला की ते मी इथे सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या फिरण्याच्या वेळी आला आणि काचोची साखळी मागून घेतली. कुरकुरत गेला, कुरकुरत परत आला, पण रोज आला.

रात्री मी गादी ओढून जमिनीवर टाकली. एक इकडे, एक तिकडे. हात अंगावर असला की रडणं थांबायचं, काढला की सुरू. शेवटच्या दोन रात्री मात्र हात आपसूक सुटला तरी दोघं झोपून राहिली. माझी कंबर मोडली ती मोडलीच.

यानिना आली ती उन्हानं तांबूस होऊन, माझ्यासाठी तिकडच्या बुतिया ताडाच्या फळांचा मुरंबा घेऊन. मी तो टेबलावर ठेवला आणि बाटली डॉक्टरणीला देऊन टाकल्याचं सांगितलं.

"कुत्री माझी आहेत, मावशी," ती म्हणाली.

"तुझी आहेत ना? मग जाग त्यांच्यासाठी. मी जागले."

आल्बारो खिडकीकडे बघत राहिला. ती रडली, रागानं रडली. आवाज ऐकून एल्बियो वर आला. त्यानं दारातूनच तिला सांगितलं, की इथून पुढे कुत्री ओरडली तर तो सोसेल, पण वर अगदीच चिडीचूप वाटलं तर येऊन घंटी वाजवेल.

ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी दोन्ही कुत्र्यांना घेऊन माझ्या दारात उभी राहिली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, आल्बारो हल्ली सोफ्यावर झोपतो, पलंगावर जागाच उरत नाही. बाटली परत आणली नाही हे तिनं आपणहून सांगितलं. मी माते, आमचा कडवट चहा, ओतला, तिला दिला. राग गेला का म्हणाल, तर नाही. पण मिलोंगा तोवर माझ्या मांडीवर चढली होती, आणि तिला खाली उतरवायला माझा जीव झाला नाही.